ठमीचे पाच तासांचे ऊन

सकाळी ९.१०. चांद्रतळावर ठमी ही हिरवी सरडी फांदीवरून पडली. चंद्रावरचे पडणे संथ. लागले काहीच नाही. पण तिला पुन्हा चढता येईना. पाय थरथरत होते.

ठमी लतिका भोईटेची. लतिका तळाची प्रकाश-अभियंता. तिने वसईच्या प्राणिवैद्य डॉ. जॉयस डिमेलो यांना दृक्-संपर्क लावला.

"जबडा दाबून बघा."

"मऊ लागतोय, डॉक्टर."

पृथ्वीवरून उत्तर यायला तीन सेकंद लागत. "हाडांतलं कॅल्शियम संपतंय. महिन्याभरात सावरली नाही, तर वाचणार नाही. अतिनील-ब दिवा लावलाय ना?"

"नवाकोरा! एवढा लख्ख, की बघवत नाही."

"लख्ख असून काय उपयोग? ज्या किरणांवर तिची कातडी ड जीवनसत्त्व बनवते, ते डोळ्यांना दिसतच नाहीत. किरणमापक धरा."

मापकाने शून्य दाखवले.

चांद्रधूळ बसू नये म्हणून तळावर प्रत्येक दिव्याला काचेचे झाकण घालण्याची शिस्त होती. लतिकाने याही दिव्याला ते घातले होते, चार स्क्रू आवळून.

"काच," ती पुटपुटली. "साधी काच हे किरण अडवते."

"तळावरचे सगळे दिवे तुमच्याकडेच ना, लतिकाबाई?"

"हसा, हसा."

"हसणारच. कारण आता ती वाचेल. झाकण काढा, दिवा फांदीच्या हातभर वर टांगा, दुसऱ्या टोकाला गडद सावली करा. पुरेसं झालं की ती आपणहून सावलीत जाते."

एकविसाव्या दिवशी ठमी फांदीवर चढली. बातमी कळताच भोजनकक्षात टाळ्या पडल्या.

लतिकाला मात्र एक आकडा बसेना. गणिताने दोन तास पुरे होते; ठमी पाच तास दिव्याखाली बसे. मापक दोनदा तपासला. बरोबर होता.

"जास्त होतंय का हो?"

"सावली आहे ना? मग जास्त घेणार नाही. तिला तेवढं लागतंय." डॉक्टरांनी पडद्यावरची ठमी मोठी करून पाहिली. "पोट चाचपा."

बोटांना सात गोळे लागले.

"अंडी? अहो, इथं दुसरा सरडाच नाही! ही पिल्लू असताना एकटीच आली."

"काही जातींत मादीला नर लागत नाही. पण अशी अंडी बहुधा रिकामीच निघतात. आशा लावून बसू नका."

सगळा तळ आशा लावून बसला.

अंडी घातल्यानंतरच्या अकराव्या दिवशी, दुपारी ४.२० वाजता, आत जीव धरलाय का हे बघायला लतिकाने ती एकेक करून उजेडासमोर धरली. सहांत काही दिसले नाही. सातव्यात केसाएवढी लाल रेष आहे. ती हलते की लतिकाचा हात, यावर तळावर अद्याप एकमत नाही.