उष्टी काच

कृष्णनाथला त्या दिवशी बोटीत बसायचंच नव्हतं. तो गोव्यातल्या सर्वणचा, साखळीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपात फिटर. खाणी जोरात चालल्या होत्या त्या दिवसांतली ही गोष्ट. समुद्र त्यानं पाहिला होता तो किनाऱ्यावरून, चपला हातात धरून. पण वर्कशॉपातल्या मंडळींनी सहलीत त्याचं नाव घालून टाकलं, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी तो मोरजीच्या बाबलीच्या बोटीत नारिंगी जाकीट घालून, बाक घट्ट धरून बसला.

दोन तासांनी बोट एका बेटाच्या आडोशाला थांबली. पाणी इतकं नितळ, की तळाशी टेकलेला नांगर दिसत होता. बाबलीची मुलगी गौरवी एकेकाला मास्क आणि श्वासाची नळी वाटत आली. कृष्णनाथसमोर थांबली, त्याच्या मास्कच्या काचेवर आतून थुंकली, बोटानं ती थुंकी गोल फिरवली, मास्क समुद्रात एकदा बुडवला आणि त्याच्या हातात दिला.

तो बघतच राहिला. "हे... हे काय केलंत?"

"काचेर वाफ धरता. थुंकी लायली की धरना नाय."

"अहो, पण आमच्यात उष्टं फक्त घोवा-बायलेचं, नवरा-बायकोचं चालतं!"

बाकावरची मंडळी हसत सुटली. गौरवीचे कान लाल झाले, पण जीभ थांबली नाही. "काचेक लायलंय. तुझ्या ताटात वाढूक नाय!"

ती पुढे गेल्यावर त्यानं हळूच पिण्याचं पाणी घेतलं आणि सदऱ्याच्या टोकानं काच घासून घासून धुतली. मग पाण्यात उतरला. दोन श्वास घेतले नाहीत तोच डोळ्यांसमोर सगळं पांढरं. धडपडत येऊन बोटीच्या शिडीला लटकला.

"धुतलंस मा?" गौरवी वरून वाकली.

"थोडं..."

"थोडं!" तिनं मास्क ओढून घेतला. त्याच्याकडे बघत, अगदी सावकाश, पुन्हा थुंकली. "आता?"

त्यानं मास्क चढवला.

ती पाण्यात उतरली आणि तिनं त्याचा हात धरला. सोडवायला गेली तरी तोच सोडेना. खाली पिवळे-निळे मासे होते, झाडाच्या फांद्यांसारखं पोवळं होतं. आणि खडकाच्या कडेला एक मोठा गोळा — गोल, हिरवट, अंगभर काटे असल्यासारखा. त्यानं हात लावायला बोट पुढे केलं, तर तिनं मनगटावर चापट मारली.

"खाली फणस आहे!" वर येऊन तो ओरडला.

"फणस! पोवळा ता. हात लावूचो नाय, मरता. वर्साक नखाएवढा वाढता."

"मग पुढच्या वर्षी बघायला यायला हवं. नखाएवढं वाढलं की नाही ते."

"तेच बघूक येतलंस?"

त्यानं नळी तोंडात धरली आणि काहीतरी बोलला. भोंगा वाजल्यासारखा आवाज आला.

"किते म्हटलंस?"

नळी काढून तो म्हणाला, "तुझं नाव."

पुढच्या रविवारी तो साखळीहून म्हापसा, म्हापशाहून मोरजी असा दोन बस बदलून गेला. मग दर रविवारी जायला लागला. उन्हाळ्यात खांद्यावरून खरोखरचा फणस नेला. बाबली नाक मुरडायचा, "डोंगराकडचो जावय! पोवूक येना, माशाचे काटे काढूक येना." पण तिसऱ्या वर्षी लग्न लावून दिलं त्यानंच.

दर डिसेंबरात दोघं त्याच बोटीनं तिथं जायची. गौरवी त्याच्या मास्कवर थुंकायची. "आता चालता मा उष्टा?" म्हणायची. हे काम तो स्वतः करायला कधी शिकला नाही. माझ्या थुंकीनं वाफ जात नाही, असं सांगायचा. खाली गेल्यावर नळीतून तिचं नाव घ्यायचा, आणि वर बाबली कुरकुरायचा, "वाजलो भोंगो!"

लग्नाला सहा वर्षं झाली. सातव्या पावसाळ्यात गौरवीला ताप आला. दोन दिवस तिनं अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेली. आठव्या दिवशी ती गेली. आदल्या संध्याकाळी त्याला म्हणाली होती, "डिसेंबरात जा. फणस बघ. येवन माका सांग, केवढो वाढलो."

तिच्या हातचा मास्क कपाटात होता. आतून काचेवर गेल्या डिसेंबरातल्या थुंकीचा गोल डाग सुकलेला. बाराव्याला त्याच्या आईनं, सरस्वतीनं, घर धुऊन काढलं. भांडी, कपडे, आणि मास्कही. साबण लावून दोरीवर वाळत घातला. कृष्णनाथ मागच्या दारी जाऊन बसला. आईला काय सांगणार?

डिसेंबरात तो मोरजीला गेला. स्मशानातून परतल्यापासून बाबली त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तापाचे ते दोन दिवस तो आपल्या माथी मारतोय, असं कृष्णनाथला वाटे. आपणही मारतो, मग तो का नाही मारणार? बाबलीनं मानेनंच बोटीत बसायची खूण केली.

बेटापाशी कृष्णनाथ शिडीवर मास्क घेऊन उभा राहिला. त्या काचेवर आपली थुंकी लावायला त्याचं मन होईना. तसाच चढवला आणि उतरला. दोन श्वासांत सगळं पांढरं झालं. त्यात डोळ्यांचं पाणी. परत शिडीला येऊन लटकला.

बाबली वाकला. मास्क काढून घेतला. काचेकडे बघत राहिला.

"धुतलंस?" पाच महिन्यांनी पहिला शब्द.

"आईनं धुतला."

 बाबली काचेवर थुंकला आणि वाकड्या झालेल्या बोटानं थुंकी गोल फिरवली. अगदी तिच्यासारखी. ती ह्याच्याकडूनच शिकली होती. मास्क समुद्रात बुडवून त्यानं पुढे केला.

"जा. बघून ये. माकाय सांग... केवढो वाढलो."

कृष्णनाथ गेला. हात धरायला कुणी नव्हतं. फणस तिथंच होता. त्यानं हात लावला नाही. नळीतून तिचं नाव घेतलं, एकदाच.

वर आला तेव्हा बाबली शिडीशीच उभा होता. भोंग्याबद्दल काही म्हणाला नाही.

"केवढो?"

कृष्णनाथनं करंगळीचं नख दाखवलं. बाबलीनं तो हात धरला, आणि नांगर उचलायची वेळ झाली तरी सोडला नाही.