पालथी

गप ऱ्हावा रे जरा, मोबाइल ठेवा खाली. ही सुशीलची गोष्ट हाय, पेणला शववाहिनी चालवतो तो. खोटी वाटली तर जाऊन विचारा त्याला.

मागच्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. रात्री कासूकडच्या मिठागरावरून फोन आला. रोहिणी नावाची सून पाण्यात मेलेली मिळाली, पेणला पोस्टमॉर्टेमला न्यायची होती. सुशीलचं रोजचंच काम. जाऊन बघतो तर सासरच्यांनी पोलीस यायच्या आधीच तिला आंघोळ घालून, हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर ओलं कुंकू लावून तयार ठेवलेली. सवाष्ण बाई, तिला तशीच कशी पाठवायची, म्हणे. नवरा हर्षद तर लाकडं रचून बसलेला.

आडवी आली ती रोहिणीची आई, गागोद्याची धोंडुबाई. "पवणारी पोर माझी. गुडघाभर पाण्यात मरंल कशी? डाक्टरनं बघितल्याबिगर जाळू देणार नाय."

सुशीलनं प्रेत उताणं ठेवलं, पट्टे आवळले, दार लावलं. म्हातारी पुढं त्याच्या शेजारी बसली. हर्षद पोलिसांच्या गाडीत, मागून.

हायवेला लागायच्या आधी मागं धप्प झालं. सुशीलनं उतरून दार उघडलं. प्रेत पालथं. खड्ड्यानं झालं असंल, म्हणून त्यानं परत उताणं केलं.

थोडं पुढं... पुन्हा धप्प. आता तर रस्ता गुळगुळीत होता. पट्टे तसेच आवळलेले. आणि आत ती...

पालथी.

"फिरवू नको," धोंडुबाई त्याच्या मागं येऊन म्हणाली. "तिला तसंच यायचंय."

म्हणून दवाखान्यात लुगडं सोडल्यावर मृणाली डॉक्टरांना आधी पाठच दिसली. बघतच राहिल्या. मग सगळ्यांसमोर सांगितलं. मेल्यावर रक्त खालच्या अंगाला उतरतं, कातडी जांभळी पडते. जिथं अंग टेकलेलं असतं तेवढीच जागा पांढरी राहते. काही तासांनी ते पक्कं बसतं, कितीही धुवा. रोहिणीच्या जांभळ्या पाठीवर आडव्याउभ्या पांढऱ्या पट्ट्या विणलेल्या होत्या.

"खाट," धोंडुबाई म्हणाली. "पट्ट्यांची. मीच दिलेली आंदणात."

म्हणजे पोर घरातच मेली, तासन्‌तास खाटेवर पडून होती. पाण्यात टाकली ती मागून. आंघोळ घातली की सगळं धुतलं गेलं, असं धरून बसले होते सासरचे मेले. हर्षदला पोलिसांनी तिथंच धरला.

पहाटे सुशील गाडी धुवायला गेला. पुढच्या सीटच्या मागं काच असते. त्या काचेला मागच्या, प्रेताच्या बाजूनं... जिथं म्हातारीचं डोकं टेकलेलं होतं... नेमकं तिथंच... कपाळाएवढं कुंकू लागलेलं.

ती काच त्यानं अजून पुसलेली नाय.