दारासमोरून गेलेली बंदूक

टॅबिथा ट्रेडवेल शुक्रवारी सकाळीच होनोरा टूहीच्या दारात आली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"होनोराताई, यांची बंदूक गेली. काल दुपारी मी ओढ्यावर धुणं धुवायला गेले होते. येऊन बघते तर खुंटी रिकामी!"

हॉविकच्या पेन्शनर शिपायांच्या वस्तीत काही हरवलं की लोक कप्तानाच्या आधी होनोराकडे येत. तिचा नवरा सार्जंट टूही जाऊन सहा वर्षं झाली होती. बाई उपासतापास करणारी, हळू बोलणारी. पण तिच्या नजरेतून सुई सुटत नसे. तिच्या नवऱ्याचा जुना सोबती कॉर्पोरल पिम तेव्हा अंगणात तिची लाकडं फोडत होता. तो कुऱ्हाड टाकून आत आला.

"कप्तानाला सांगितलंस?" होनोराने विचारलं.

"कालच. ते म्हणाले, शनिवारी चांदमारीला बंदूक नसेल तर नाव कमी." टॅबिथा दाराच्या चौकटीला टेकली. "नाव कमी झालं की घर सरकारजमा. सात वर्षांची चाकरी पुरी व्हायला तीन आठवडे उरलेत, ताई! तीन आठवड्यांनी घर आमचं झालं असतं."

"ही चांदमारी कुठून निघाली मध्येच?"

"नव्या कप्तानाचं खूळ," पिम म्हणाला. "परवाच्या रविवारी चर्चपुढे हुकूम वाचला. तिनातली एक तरी गोळी पाटीवर बसली पाहिजे. नाही बसली तरीही नाव कमीच."

होनोराने शाल घेतली. "चला भावजी."

एमॉस ट्रेडवेल दारासमोर बटाटे खणत होता. घराला दार एकच, आणि वाफा त्या दारापासून चार पावलांवर. दोघं फाटकातून आत आली तरी त्याने मान वर केली नाही. पिम खाकरला, तेव्हा कुठे तो हसला. "पिम! ये रे. बरोबर कोण, वहिनी का?"

आत त्याने स्वतः चहा ओतला, पेल्याच्या काठावर बोट ठेवून, सावकाश.

"काल दुपारी कुठे होतास?" होनोराने विचारलं.

"इथेच, वाफ्यात. हललो नाही. वारा फार होता, पण कुणी आलं नाही, वहिनी. शपथेवर सांगतो."

खुंटीखाली संगीन टांगलेली होती. काडतुसांची पिशवी भरलेली होती. बंदूक गेली होती. शिवाय नळीच्या तोंडाचं लाकडी बूच आणि चापावर घालायचं मेणकापड गेलं होतं.

"वेडाच चोर," पिम बाहेर येताच म्हणाला. "काडतुसं सोडली आणि बूच नेलं! आणि हा एमॉस बघा, अर्धे बटाटे मातीतच टाकून पुढे गेलाय. म्हातारा आळशी झाला."

"हं," होनोरा म्हणाली.

"मी सांगू? रावीरी. काल होडी घेऊन आला होता."

रावीरी किनाऱ्यावर मासे विकत होता. शुक्रवार असल्यामुळे अर्धी वस्ती तिथे लोटली होती. पिमचा प्रश्न ऐकून त्याने होडीतली चकचकीत दुनळी उचलून दाखवली.

"ही असताना तुमची ती काठी नेऊन काय करू? पावसात पेटत नाही, उन्हात लागत नाही. शेंगा वाळत घालू का तिच्यावर?"

बायका खदखदून हसल्या. पिम कानापर्यंत लाल झाला.

"काल एमॉसच्या दारावरून गेलास का?" होनोराने विचारलं.

"गेलो ना, बाई. हात केला. एरवी माझ्याआधी ओरडणारा माणूस! काल बघून न बघितल्यासारखं केलं. म्हटलं, रागावला असेल."

दुसरा संशय स्केग्जवर. एमॉसच्या कुंपणाला लागून त्याचं घर, आणि डुकरावरून दोघांचं भांडण वस्तीला पाठ.

"त्याची बंदूक मी कशाला चोरू?" स्केग्ज गुरगुरला. "माझी स्वतःचीच मला जड झालीय."

खरंच जड झाली होती. खुराड्याला टेकवून ठेवलेल्या त्या बंदुकीवर गंज चढला होता आणि चापावर कोंबडी बसली होती.

"हिचं बूच कुठाय?"

"बूच? दोन वर्षं झाली हरवून. कशाला लागतंय?"

शेवटचं घर डॉमिनिक हॅनरहानचं. तो आणि एमॉस एका पलटणीतले. कवायतीत सात वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. डॉमिनिकने दार अर्धंच उघडलं. आतून हंसाच्या चरबीचा खमंग वास आला. पिमच्या तोंडाला पाणी सुटलं.

"वा! हंस कापला वाटतं?"

"मंगळवारी कापला," डॉमिनिक म्हणाला आणि त्याने हात मागे घेतले. "बंदूक मी बघितली नाही, वहिनी. एमॉसवर काय ही वेळ आली!"

त्याचे डोळे भरून आले होते. होनोरा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

"संध्याकाळी एमॉसकडे ये," ती हळूच म्हणाली. "येताना ती घेऊन ये."

डॉमिनिकचा चेहरा पांढराफटक पडला. पिमला काहीच उमगलं नाही.

दिवेलागणीला एमॉसच्या टेबलावर बंदूक आली. बूच जागेवर, चापावर मेणकापड, आणि नळी आरशासारखी.

"वहिनी, तुम्ही ओळखलंत कसं?" पिमने विचारलं.

"चोराने काडतुसं नेली नाहीत, म्हणजे त्याला बंदूक झाडायची नव्हती. बूच आणि मेणकापड मात्र नेलं. खाऱ्या हवेत उघडी नळी ज्याला बघवत नाही, असा जुना शिपाईच तो. बंदूक परत द्यायची म्हणूनच इतकी काळजी. स्केग्जला गंजाचं काही नाही. राहिला डॉमिनिक. त्याच्या घरात चरबी गरम होत होती."

"मग काय झालं?"

"भावजी, आज शुक्रवार. तुम्हा प्रॉटेस्टंटांना आज मांस-चरबी चालते, आम्हा कॅथलिकांना नाही. बहिणीच्या लग्नात ज्याने शुक्रवारचा उपास मोडला नाही, तो आज चरबी खाईल? ती खाण्यासाठी नव्हती, नळीला लावायला होती."

"पण एमॉस दारासमोर होता! याच्या नाकासमोरून..."

होनोराने उठून एमॉसच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगू का, एमॉस?"

एमॉसने होकारार्थी मान हलवली.

"त्याला दिसत नाही. बटाटे मातीत राहतात. चहा बोटाने मोजावा लागतो. रावीरीने केलेला हात दिसला नाही. वाऱ्यात पावलं ऐकू आली नाहीत. हे ज्याला ठाऊक, तोच भरदुपारी याच्यासमोरून बंदूक नेऊ शकतो. आणि नेमबाजीचा हुकूम सुटल्यावरच ती गेली."

"मला वाटलं, तुला कळलंच नसेल, डॉम," एमॉस पुटपुटला.

"गाढवा, कवायतीत वळताना तुझं कोपर मला शोधतं, मला कळणार नाही?" डॉमिनिक रडत होता. "बंदूकच नसली तर झाडावी लागणार नाही, फार तर दंड होईल, तो मी भरीन, असं वाटलं. टॅबिथाला सांगितलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. कप्तान घरच काढून घेईल हे ध्यानीमनी नव्हतं. आता बंदूक आणली तर गोळी चुकेल, न आणली तरी घर जाईल. काय करू, वहिनी?"

होनोरा पिमकडे वळली. तिने विचारलं, "भावजी, उद्या पाटीजवळ, गोळी बसली की वर करायची झेंडी कुणाच्या हातात?"

"माझ्या," पिम म्हणाला. मग त्याला कळलं.

"मी कुणाला खोटं बोल म्हणणार नाही," होनोरा म्हणाली.

"लागली नाही तर उचलू नकोस, पिम," एमॉस म्हणाला.

शनिवारी डॉमिनिक एमॉसच्या डावीकडे उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते: जरा उजवीकडे, अजून, बस. पहिली गोळी टेकडीत गेली. दुसरी समुद्राकडे. तिसरीने पाटीपासून सहा हात लांब माती उडवली.

तीस वर्षांत पिमने चुकीची खबर कधी दिली नव्हती. त्याने मातीकडे पाहिलं. मग झेंडी उचलली, हात पूर्ण ताणून.

"बसली?" कप्तान ओरडला.

"बसली, साहेब!"

परतताना पिम होनोराबरोबर चालत होता. चर्चच्या चढावर थांबून त्याने विचारलं, "वहिनी, पाप लागेल का हो?"

"लागेल," होनोरा म्हणाली. "अर्धं मला द्या." आणि ती चढ चढू लागली.