नत्र चालू करायचं राहिलं

नेपल्समधल्या त्या अंधाऱ्या लेझरखोलीत शिरताना नुंत्सियाने पहिलंच पाऊल टाकलं ते कुणाच्या तरी बोटांवर.

"मी स्क्रू शोधत होतो," जमिनीवरून आवाज आला. "आता बोटं शोधतो."

"दाराबाहेर लाल दिवा होता खरा..."

"लाल दिवा म्हणजे आत येऊ नका."

"मला वाटलं, रस्त्यावरच्यासारखाच असेल. जरा बघून घुसायचं."

असा एजिदिओ भेटला. लेझर त्याचा, रेणू तिचे. ज्या छोट्या रेणूंची साखळी होऊन आपल्या केसाकातडीतलं मेलॅनिन तयार होतं, ते रेणू नुंत्सिया तळमजल्यावर बनवायची. उजेड पडल्यावर ते काय करतात, हे तो वर मोजायचा. रेणू मोठे नाजूक. जरा हवा लागली की एकमेकांना चिकटून काळे. म्हणून मोजताना नळीत नत्र वायू सोडत राहायचं, हवा बाहेर ठेवायची.

रोज ती पाण्यासारखं नितळ द्रावण घेऊन वर जायची. रोज एजिदिओ तिला पडद्यावरच्या रेषा दाखवायचा.

"हा एकटा रेणू. उजेड गिळलाय आणि बसलाय बिचारा... काय करू, कुठे जाऊ."

"आणि जोडीतला?"

"त्याने केव्हाच उजेडाची ऊब करून सोडून दिली. सोबत कुणी असलं की पटकन शांत होतात."

"यातला तू कुठला?"

"मी..." एजिदिओने चष्मा पुसला. लेझरचा जाड चष्मा, त्यातून तसंही काही दिसत नव्हतं. "मी पहिला."

तोवर नळीतलं द्रावण कॉफीसारखं काळं झालेलं असायचं. रोज.

शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख ओर्नेल्लाबाईंनी नुंत्सियाला बोलावलं. "तुझे रेणू कच्चे निघताहेत, पोरी. सोमवारपासून हे काम मिलानची मंडळी करतील."

मिलान! उत्तरेकडचं ते तोरेबाज शहर! नेपल्सच्या माणसाला कुणी याहून वाईट बोलू शकत नाही. नुंत्सिया रडली नाही. जिन्यात बसून तिने एक गोड पाव खाल्ला, मग दुःख उरलंच म्हणून आणखी एक.

हे कळताच एजिदिओ बाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, तिचे रेणू चांगले आहेत. ती आत आली की मी नत्र चालू करायला विसरतो."

"रोज?"

"ती रोज येते."

"मग ती नसताना मोजायचं."

"ती नसताना नमुनाही नसतो, बाई. तीच घेऊन येते."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याकडे पाहावं तसं. "आज मोजणी नुंत्सिया करेल. तू दाराबाहेर. बंद दाराबाहेर."

नत्राचे बुडबुडे निघत राहिले. द्रावण नितळच राहिलं. पडद्यावर रेषा अशी सुरेख उतरली की बाई म्हणाल्या, "मिलानला नाही म्हणून कळवते," आणि खुर्ची ओढून रेषेपुढे बसल्या.

नुंत्सियाने दार उघडलं. एजिदिओ भिंतीला टेकून उभा होता. उन्हात त्याचे डोळे तिने पहिल्यांदाच पाहिले. मधासारखे.

"बाईंना सांगितलंस सगळं. मला कधी सांगणार होतास?"

"तुझ्यासमोर मी विसरतो..."

"काय?"

"वाक्यं."

"मग राहू दे वाक्य," ती म्हणाली, आणि त्याची कॉलर धरून तिने त्याला जवळ ओढलं.

"दार लावा," आतून बाई म्हणाल्या, "उजेड येतोय."

त्यांनी दार लावलं. बाहेरून.