टाकीच्या तोंडाशी

डोंबिवलीच्या एमआयडीसीत सकाळ उशिरा उजाडते, असं प्रेमला नेहमी वाटे. स्टेशनाच्या बाजूला केव्हाच लख्ख झालेलं असे. इथे मात्र धुराड्यांमागून येणारा प्रकाश आधी पिवळसर, मग राखाडी आणि मग कुठे पांढरा होई. शेडच्या छपराला पडलेल्या भोकांतून तो सावकाश आत उतरे. हवेतल्या लोखंडी धुळीत त्याचे बारीक दांडे दिसू लागत. जमिनीवरचे कवडसे, मधून कोणी चालत गेलं, तर त्याच्या खांद्यावर चढून पाठीवरून घसरत आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबत. आधी क्रेनची साखळी ओळखू येई, मग गॅसचे सिलिंडर, मग खुंटीवर टांगलेले वेल्डरांचे मुखवटे. टाकी सर्वांत शेवटी उजळे.

ती टाकी एका तांब्याच्या खाणीसाठी होती. दळलेला खडक रसायनात घुसळायचा, म्हणून जाड पोलादाची आणि वरून बंद. आत शिरायला खालच्या बाजूला एकच गोल तोंड होतं, एक माणूस सरपटत जाईल एवढं. वर्षापूर्वी अशीच एक टाकी इथून गेली होती. ती जागेवर बसवायला प्रेमचा मोठा भाऊ राकेश सोबत गेला होता.

वेल्डिंगचे सांधे तपासणं हे प्रेमचं काम. बाहेरून टाकीला खडूचं पाणी फासायचं, ते वाळलं की आतून सांध्यांवर रॉकेल मारायचं. सांध्यात सुईएवढं छिद्र राहिलं असेल, तरी पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. प्रेमला ही पद्धत आवडे. तिच्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

त्या सोमवारी सगळे सांधे कोरडे निघाले. डाग उमटला तो भलतीकडे, प्लेटच्या मधोमध, जिथे सांधाच नव्हता.

"साहेब, प्लेटला घाम फुटलाय," नयन म्हणाला. तो वेल्डर होता आणि प्रेमला साहेब म्हणायचा तो फक्त चिडवायला. "कंपनीला सांगा, एसी लावा म्हणून."

"कुणाचा तरी तेलकट हात लागला असेल."

"एवढा मोठा हात? भीमाचा का?"

प्रेमने डाग पुसला, यंत्र लावून प्लेट तपासली. पोलाद सलग होतं. त्याने पुन्हा खडू फासला. दुसऱ्या दिवशी डाग परत आला होता. आता त्याला कडा होत्या. खाली रुंद, वर निमुळता, त्यावर एक गोल. आतल्या बाजूने कोणी भिंतीला पाठ टेकून बसावं, तसा. नयनने तो पाहिला आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

बुधवारी डाग तोंडाच्या बाजूला हातभर सरकला होता.

"रॉकेल पसरतं," प्रेम म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

घरी रमाबाई ताट वाढताना रोजचाच प्रश्न विचारी. "राकेशचा फोन आलता का रे?"

"तो असेल तिथे रेंज नसेल, आई."

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वडिलांचा फोटो होता. त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहणं प्रेम टाळी. खाणीवर त्या आधीच्या टाकीत गॅस कोंडून स्फोट झाला, तेव्हा ओळख पटवायला त्यालाच बोलावलं होतं. दवाखान्यातल्या माणसाने चादर बाजूला केली. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. प्रेम म्हणाला, "हा माझा भाऊ नाही." मग त्या देहाचं बेवारस म्हणून तिकडेच दहन झालं आणि राकेश काम टाकून पळाला, असं ठरलं. रमाबाई वाट पाहू लागली. पळालेला माणूस परत येऊ शकतो.

शुक्रवारी सकाळी पाण्याची चाचणी होती. पोरांनी खडू खरवडून काढला. त्याची पूड टाकीभोवती जमिनीवर पसरली. तोंडावर झाकण चढलं, बोल्ट आवळले गेले. पाणी सोडण्याआधी या शेडमध्ये एक रीत पाळली जाई. फोरमन उत्तमकाका टाकीच्या तोंडाशी उभे राहून, त्या टाकीत काम केलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारत. तो माणूस समोर उभा असला, तरी त्याने तोंडाने "बाहेर" म्हणायचं. मग काका हातोडीने टाकी ठोकत आणि कान देत.

"नयन."

"बाहेर."

"दगडू."

"बाहेर, काका."

"प्रेम."

"बाहेर."

नावं संपली. काकांनी ठोके दिले.

आतून तितकेच ठोके आले.

पाण्याच्या नळावर गेलेला दगडूचा हात तसाच राहिला.

"लोखंड आहे, काका," प्रेम म्हणाला. "ऊन लागलं की वाजतं."

"वाजतं," काका म्हणाले. "पण विचारल्यावर नाय वाजत."

त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर आलं, आता तोंडाच्या अगदी जवळून.

"झाकण काढा," काका म्हणाले. बोल्ट निघाले. नयनने आत टॉर्च मारला, बराच वेळ फिरवला. "कोणी नाय. आईशप्पथ, कोणी नाय." तो मागे सरकला.

त्याच्यासमोर, उघड्या टाकीत, पुन्हा ठोका पडला.

"कुणाचं तरी नाव राहिलंय," काका हलकेच म्हणाले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. बाकीचे सगळे प्रेमकडे पाहत होते. "नाव घेतल्याशिवाय पाणी सोडायचं नाय. ज्याचा माणूस, त्यानं घ्यावं."

ते नाव इथे घेणं म्हणजे तो दुसरीकडे कुठेच नाही, हे मान्य करणं. मग घरी जाऊन आईला सांगणं.

प्रेम टाकीच्या तोंडाशी वाकला.

"दादा," तो म्हणाला. आवाज आत घुमून परत आला. "राकेशदादा. बाहेर ये."

काही झालं नाही.

मग रॉकेलचा वास आला.

तोंडाखालच्या पांढऱ्या पुडीत एक अनवाणी पाऊल उमटलं. मग दुसरं. ओली, सावकाश, एकापुढे एक. ती प्रेमच्या बुटांसमोर येऊन थांबली.

प्रेम खाली पाहत राहिला. अंगठ्याहून लांब असलेलं शेजारचं बोट. आत वळलेली करंगळी.

दवाखान्यात चादर वर सरकली, तेव्हा आधी पायच उघडे पडले होते. त्याने दादाला तेव्हाच ओळखलं होतं.