पॉम्पीचा पिंड

शुक्रवारी पहाटे देवव्रतने भात शिजवला, त्याचा पिंड वळला, केळीच्या पानात बांधला आणि बरवा अल बराहा या कामगार वसाहतीच्या फाटकावरून बांधकामावरच्या संपतला गाडीत घेतलं. नाटकाची तालीम होती, दुसरं काही नाही.

रोमला इतिहास शिकून दोहाला परतलेल्या देवव्रतला इथल्या मराठी मंडळींसमोर एकच नाटक करायचं होतं, सेनापती पॉम्पीचं. मिसरूड फुटतानाच सैन्य उभारणारा, समुद्रावरच्या चाच्यांचा बंदोबस्त करणारा, तीन खंड जिंकून रोमची सत्ता भोगणारा माणूस. सासऱ्याशी, सीझरशी, लढाई हरला आणि आसरा मागायला इजिप्तच्या किनाऱ्यावर गेला. होडीतून उतरता उतरता त्याच्याच जुन्या सैनिकाने पाठीत तलवार खुपसली. शीर कापून नेलं, धड वाळूत टाकलं. एका नोकराने फुटक्या होडीच्या फळ्या गोळा करून ते जाळलं. पिंड मात्र कोणी ठेवला नाही.

"दोन हजार वर्षं उपाशी आहे तो," देवव्रत कळवळून म्हणायचा. नोकराचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं होतं.

किनाऱ्यावर धुकं इतकं दाट होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. ओहोटीचा कुबट वास सुटला होता. पांढरी चादर गुंडाळलेला संपत सुतार पॉम्पी होऊन झकास मेला आणि वाळू झटकत उठला.

"साइटवर असा आडवा झालो असतो तर फोरमननं लाथ घालून उठवलं असतं!"

देवव्रतने हसत पिंड वाळूवर ठेवला, हात जोडले आणि मागे सरला. धुक्यातून कावळे आले. पिंडाभोवती गोल बसले. एकही शिवेना. एकही ओरडेना.

संपतचं हसू मावळलं. "नाटकात खरा पिंड कशाला ठेवायचा, साहेब? आता कावळा शिवल्याबिगर निघता येत नाही. इच्छा राहिली असंल त्याची."

"तुमचं नाव घरोघरी पोचवीन," देवव्रत पिंडाला म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"तुमच्या मारेकऱ्याला कोणी चांगलं म्हणणार नाही, असं करीन."

नाहीच.

"गवताचा कावळा करू, टेकवू, खलास," संपत कुजबुजला. "गावाकडं चालतंय."

"नाही. त्याला फसवूनच मारलं होतं. मी नाही फसवणार."

वारा पडला. देवव्रतला अल हिलालमधला आपला फ्लॅट आठवला. आईबाबा कायमचे नाशिकला गेल्यापासून तिथे दुसरा कप कधी विसळावा लागला नव्हता. या माणसाला काय हवं होतं, ते त्याला नीट कळलं, आणि त्याने बोलायला तोंड उघडलं.

संपतने त्याचं मनगट धरलं. "ते नका बोलू... मलाबी कळलंय. नका बोलू, साहेब."

"तुम्हाला... पुन्हा एकटं सोडणार नाही."

सगळ्यांत थोराड कावळा चालत पुढे आला आणि पिंडाला शिवला.

दोघं गाडीने परतले. फाटकावर उतरून संपत खिडकीशी वाकला. "आज आमच्या खोलीवर झोपा. सहा जण आहोत."

"येतो कधीतरी."

"इन्शाल्ला," संपत म्हणाला आणि मागे न बघता आत गेला.

देवव्रतने गाडी काढली. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नाही म्हणून टिंग टिंग सुरू झालं. सीट रिकामी होती. तो कोपऱ्यापर्यंत गेला, थांबला, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं. टिंग टिंग चालूच.

शेवटी त्याने हात लांबवून पट्टा ओढला. रिकाम्या सीटवर लावायचा, तरी खटका बसेपर्यंत तो बराच, बराच बाहेर ओढावा लागला.