चारशे सतरावा फोटो

ट्रायपॉड गाडीत चढवलेत का? बरं केलंत. कॉफी संपवून निघा, तळं कुठं पळून जात नाही. आणि जाण्याआधी आपल्या ओरेस्ट पाव्लिकचं काय झालं ते ऐकून घ्या. त्यानं स्वतः मला सांगितलंय. तो खोटं बोलणारा माणूस नाही. एकदाच बोलला होता, त्याचीच ही गोष्ट.

दोन हजार चोवीसच्या मार्चची चौदा तारीख, गुरुवार. रात्री नऊला ओरेस्ट एक फ्रेम पोचवायला घरून निघाला. गावाच्या कॅलेंडरात मार्चच्या पानावर त्याचा फोटो आला होता. कोवाल्चुकांचं गोठलेलं तळं, पलीकडचा काळा काठ, आणि वर उत्तरेच्या उजेडाचा, ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा. बोहदाननं त्याची मोठी प्रत मागितली होती.

"माझ्या मिर्नानं शेवटचं बघितलेलं आभाळ आहे ते," तो फोनवर म्हणाला होता. "भिंतीवर लावीन म्हणतो."

मिर्ना बोहदानची बायको. आपलं पोस्ट तीच चालवायची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या ओरेस्टला साठीनंतर आभाळाचे फोटो काढायचा नाद लागला, तो तिच्यामुळं. पहिल्या रात्री त्यानं चाळीस फोटो काढले आणि चाळीसच्या चाळीस काळे आले.

"म्हाताऱ्या, झाकण काढ आधी," मिर्ना म्हणाली. "बस पण अशीच चालवायचास का, डोळे मिटून?"

बॅटरी आतल्या खिशात ऊबेला ठेवायची, हे तिनं शिकवलं. कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवला की काय होतं, तेही तिनंच. "दिवा घेऊन जो हलतो त्याची रेघ उमटते. जो थांबतो त्याचा ठिपका." आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, कपाळावर दिवा लावायचा तो लालच. पांढरा लावला की शेजाऱ्याचा फोटो वाया.

तर त्या गुरुवारच्या आदल्या वर्षी, याच तारखेला, दोघं तळ्यावर गेली होती. मिर्ना पलीकडच्या काठाला गेली, ओरेस्ट अलीकडे राहिला. आभाळ असं पेटलं होतं, की तसं पुन्हा दिसेल याची खात्री नव्हती. ओरेस्टनं कॅमेरा उघडला. चारशे सतरावा फोटो. आणि मध्येच पलीकडे पांढरा दिवा लागला. खाली बर्फाकडे बघत चालायला लागला.

"मिर्ना, विझव तो दिवा," ओरेस्ट ओरडला. चिडून ओरडला.

दिवा विझला. लगेच.

चारशे सतराव्यावर पांढरी रेघ आली होती. त्यानं तो पुसून टाकला आणि पुढचा काढला. चारशे अठरा. काळा, स्वच्छ काठ. तोच कॅलेंडरात गेला.

ओढा तळ्याला मिळतो तिथं बर्फ कधी नीट धरत नाही. मिर्नाला ते ठाऊक होतं, म्हणून तर तिनं पायाखाली बघायला दिवा लावला होता. ती पलीकडून परस्पर घरी गेली असेल, असं समजून ओरेस्ट परतला. सकाळी ती तिथंच, फुटलेल्या बर्फाखाली सापडली.

पोलिसांनी विचारलं, काही दिसलं का. ओरेस्ट म्हणाला, "नाही." बोहदाननं विचारलं. त्यालाही नाहीच म्हणाला.

वर्षभर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. त्या गुरुवारी मात्र बरोबर घेतला. बोहदानच्या घराचा रस्ता तळ्यावरूनच जातो. ओरेस्टच्या मनात आलं, एक तरी फोटो असा काढावा, की ज्यात कुणी तिला विझव म्हटलं नाही. वेडेपणाच, दुसरं काय. गाडी थांबवली. कपाळावर लाल दिवा लावला, जुन्याच जागी ट्रायपॉड रोवला. नऊ चाळीस झाले होते. वारा नव्हता. आभाळात काही नव्हतं.

त्यानं बटण दाबलं आणि बर्फावरून हाक घातली.

"मिर्ना... लाव गं दिवा."

काही नाही.

मग पलीकडे दिवा लागला. पांढरा.

आधी खाली बघत होता. पायांकडे. मग चालायला लागला. हळू. ओढ्याच्या दिशेनं...

ओरेस्टला ओरडायचं होतं. तिकडे नको. मागे फिर. तोंड उघडलं. आवाज नाही.

दिवा थांबला.

वर झाला. वळला. त्याच्याकडे.

बघत राहिला... कुणी काही सांगेल म्हणून वाट बघावी, तसा.

कॅमेरा मिटल्याचा आवाज आला. दिवा गेला.

फोटो बघायची त्याची छाती झाली नाही. ट्रायपॉडसकट कॅमेरा मागच्या सीटवर टाकून तो बोहदानकडे पोचला. बोहदाननं दार उघडलं.

"काय रे, रंग उडालाय तुझा. ये, सूप गरम आहे."

ओरेस्ट बसला नाही. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"हा लावू नकोस. बोहदान, तिनं दिवा लावला होता. मी विझव म्हणालो. तिनं विझवला."

चुलीवर भांडं उतू गेलं तरी बोहदान उठला नाही. शेवटी म्हणाला, "फोटो काढताना ती मलासुद्धा कधी पांढरा लावू द्यायची नाही."

मग ओरेस्टनं आत्ताचं सांगितलं. बोहदाननं हात पुढं केला. "बघू."

कॅमेऱ्यावर आकडा होता चारशे सतरा. यायला हवा होता चारशे एकोणीस. बोहदाननं चष्मा लावला. लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"कुठून काढलास हा?"

"माझ्याच जागेवरून. अलीकडून."

"नाही," बोहदान म्हणाला, आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

फोटोत तळं होतं. पण पलीकडून दिसणारं. दूरच्या काठावर ओरेस्टची गाडी. तिच्या पुढं, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, एक लाल दिवा.

तीस सेकंदांचा फोटो होता तो. दिव्याची रेघ कुठं नव्हती. एक ठिपका होता. स्वच्छ, जागच्या जागी.